जावेच्या शेतातली नाचणी

पारूबाईला तिच्या धाकट्या जावेचं काय काय सहन होत नसे, हे सांगायला बसलं तर दिवस पुरायचा नाही. अंबाबाईचं हसणं सहन होत नसे, तिचं डोक्यावर दोन हंडे घेऊन हात न लावता चालणं सहन होत नसे. तिच्या पाट्यावरच्या चटणीचा वास कुडापलीकडून आला, की हिला आपलं कालवण अळणी लागायचं. पण या सगळ्यावर कडी म्हणजे अंबाबाईचं भात. श्रावणात त्या भाताकडे बघितलं की पारूबाई तिथेच बांधावर टेकायची आणि बोटं मोडायची.

चौक गाव सोडून डोंगराच्या अंगाला आत वळलं, की यांचं गाव लागतं. सासरा गेला तेव्हा दोघा भावांनी वाटणी केली. थोरला सखाराम, म्हणजे पारूबाईचा नवरा, आणि धाकटा धाकलू, अंबाबाईचा. डोंगराची उतरण, वरच्या ऐनाच्या झाडांसकट, आणि गावापलीकडचं भाताचं एक लहानसं खाचर सखारामकडे आलं. उतरणीच्या अगदी पायथ्याचं मोठं खाचर धाकलूकडे गेलं. आणि ही निवड कोणाची, तर पारूबाईचीच! चार माणसांसमोर पदर खोचून तिने सांगितलं होतं, "आमाला वरची द्या. खालच्या खाचरात पाणी तुंबतंय, रोप कुजतंय. आमाला नको ते."

तेव्हा ते खरंही होतं. खालची जमीन काळी, चिकट, पाणथळ; सासऱ्याने कधी तिचं कौतुक केलं नव्हतं. अंबाबाई तेव्हा नवी नवरी. ती काय बोलणार? पदरात पडलं ते तिने मुकाट्याने घेतलं, आणि पारूबाई पुढे कितीतरी दिवस गावात मिरवत होती.

कारण उतरणीवर पारूबाईची नाचणी व्हायची. तीही साधी नव्हे, माहेरची. तिचं माहेर कर्जतच्या पलीकडे, डोंगरात. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात आईने तिच्या पदरात त्या नाचणीचं बी बांधून दिलं होतं. इतर नाचणीचं कणीस बोटं पसरल्यासारखं असतं. हिचं मूठ वळल्यासारखं, घट्ट, आणि दाणा काळपट लाल. पुढे आई गेली, भाऊ पुण्याला कंपनीत लागले, माहेरचं शेत कुणाच्या तरी फार्महाऊसच्या कुंपणात गेलं. ते बी आता कुठे असेल तर ते पारूबाईच्या उतरणीवरच. त्याची भाकरी व्हायची ती सणाला नाहीतर पाहुण्याला, आणि पहिला घास मोडताना पारूबाईला दर वेळी आईचा हात आठवायचा. बी मात्र तिने कुणाला दाणाभरही दिलं नाही. नवी असताना अंबाबाईने एकदा मागितलं होतं. "माहेरचं हाय ते," पारूबाई म्हणाली. "तुज्या माहेरचं आण की तू." बोलली आणि विसरून गेली.

मग वर्षं गेली, पोरं मोठी झाली, पारूबाईचा नरेश खोपोलीला नोकरीला लागला, आणि कुणाच्या लक्षात यायच्या आत खालचं खाचर सुधारलं. अहो, कसं सुधारलं म्हणून काय विचारता! जिथे रोप कुजायचं तिथे भात कमरेला लागायला लागलं. काळी चिकट माती मऊ झाली, पाणी तुंबेनासं झालं. लोक बांधावर थांबून बघायला लागले. आणि बघून झालं की वर पारूबाईला येऊन सांगायचे, "अंबाबाईचं भात बगितलंस का गं?"

बघितलं होतं. दिवसातून चार वेळा बघत होती ती.

पारूबाईने डोकं लढवलं आणि निदान काढलं: राब. आपल्याकडे राब भाजल्याशिवाय भाताचं काय, नाचणीचंही रोप कुणी करत नाही. उन्हाळ्यात झाडांचे टहाळ तोडायचे, वाळवायचे, शेण, पातेरा, गवत असे थर रचायचे आणि रोपाच्या जागेवर पेटवायचे. त्या भाजलेल्या मातीत बी टाकलं की रोप तरारून येतं. "अंबीचा राब मोठा असनार," पारूबाई नवऱ्याला म्हणाली. "चोरून भाजत असंल. आपन तिच्यावर ताण करायची."

झालं! त्या वर्षापासून सखारामची धडगत राहिली नाही. अंबाबाईचा टहाळांचा ढीग कमरेएवढा दिसला, की पारूबाईला आपला डोक्याएवढा हवा. सखाराम कोयता घेऊन ऐनावर चढायचा आणि खाली ही उभी. "ती फांदी ऱ्हायली. ती वरची पन घ्या."

"अगं, झाडाला काय ठेवशील का नाय? नुसता सोट उभा ऱ्हाईल."

"ऱ्हाऊ दे उभा. तिच्याकडं तरी कुटं ऐन हायत? आपल्याकडं हायत तर वापरा की."

टहाळ पुरेनात तेव्हा पारूबाई खराटा घेऊन उतरणीवर गेली आणि झाडांखालचा पातेरा झाडून आणला. पातेरा संपला तेव्हा तिने विळ्याने गवत खरवडलं, मुळासकट. उन्हाळ्याच्या शेवटी ती उतरण सारवलेल्या अंगणासारखी दिसायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला पारूबाई ते अभिमानाने दाखवायची. स्वच्छ हो, एक काडी दिसायची नाही.

पावसालाही ती अशीच हवी होती. ऐन दाट होते तेव्हा थेंब पानावर फुटायचा, पातेऱ्यावर पडायचा, जिरत जिरत खाली जायचा. ओहोळाला पाणी यायचं ते नितळ. आता थेंब थेट उघड्या मातीवर बसायला लागला. त्यातून हल्लीचा पाऊसही असा चमत्कारिक, आठ-आठ दिवस दडी मारतो आणि मग एका दुपारी सगळी उधारी फेडल्यासारखा कोसळतो. तो कोसळला की नाचणीची रोपं गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत चिखलाने माखायची. सखाराम बांधावर उभा राहून म्हणायचा, "पाणी बग कसं लाल उतरतंय."

"पावसाचं पानी लालच असतंय," पारूबाई म्हणायची. तिचं लक्ष खालच्या भाताकडे.

मग उतरणीवर दगड दिसायला लागले. आधी मुठीएवढे, मग नारळाएवढे, मग बसायला येतील एवढे. दर पावसाळ्यानंतर नवे. नाचणी खुरटत चालली, कणसाची मूठ पोराच्या मुठीएवढी झाली. आता हे दगड आले कुठून? दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, माती गेली म्हणून दगड उघडे पडले. पण पारूबाईला मत्सराने तेवढं सुधरू दिलं असतं तर आणखी काय हवं होतं! तिने विहिरीवर जाहीर केलं, "अंबी आमच्या रानात दगड टाकती. माजी नाचणी बगवत नाय तिला."

अंबाबाईने ते ऐकलं, हंडा उचलला आणि हात न लावता चालायला लागली. त्यानेच तर पारूबाईच्या अंगाचा तिळपापड झाला.

गणपतीच्या तोंडावर एक दिवस पारूबाई खालच्या बांधावरून जात होती, मान वाकडी करून भात बघत. उतरणीला लागून खाचराचा एक कोपरा होता, बाकीच्या शेतापेक्षा वीतभर उंच झालेला, तिथे पाणी ठरत नव्हतं. आणि तिथे, भाताच्या कडेला, नाचणी उभी होती. पारूबाई जवळ गेली. घट्ट वळलेल्या मुठी. काळपट लाल. आणि एकेक मूठ केवढी! तिच्या उतरणीवर कधीकाळी होती, त्याहून मोठी.

तिने जी बोंब ठोकली ती देवळापर्यंत गेली.

"चोरटी! माज्या आईचं बी चोरलंस! अगं, मागितलंस तवा दिलं नाय म्हनून रातचं येऊन कणसं कापलीस?"

माणसं जमली. अंबाबाई चिखलाचे हात घेऊन बांधावर आली. धाकलू फावडं घेऊन त्या कोपऱ्यात गेला. त्याने एक फावडं मारलं, दोन मारली, खड्डा ढोपराएवढा केला आणि वहिनीला हाक मारली.

"वयनी, हितं या. वरपासून खालपर्यंत बगा काय दिसतंय ते."

वर सगळी तांबडी माती होती. भुसभुशीत, तिच्यात राखेचे काळे कण. थेट खाली, खड्ड्याच्या तळाशी, काळी चिकट माती लागली होती. ती सासऱ्याच्या वेळची.

"ही तांबडी कुनाची?" धाकलू म्हणाला. "आमी दर साल बांध उचलतोय, कारन दर साल तुमचं रान खाली येतंय. मातीसंगं बी पन आलं. चोराय कशाला पायजे?"

"आन दगड?" मागून शेजारचा गजा ओरडला. "दगड कोन टाकतंय, वयनी?" आणि सगळे हसले.

आता शहाण्या बाईने इथे घरी जावं. पारूबाई घरी गेली नाही. तिने पदर खोचला आणि म्हणाली, "मंग माजी माती परत द्या."

हसण्याला ऊत आला. "घमेली आणा रे!" असं कुणीतरी ओरडलं. पण पारूबाई थट्टा करत नव्हती. इतकी वर्षं तिला वाटत होतं की अंबाबाईकडे चांगलं काहीतरी आहे आणि आपल्याकडे नाही. आता कळलं, की जे चांगलं आहे ते आपलंच आहे. हे तर पहिल्यापेक्षा वाईट! परक्याच्या सोन्याचा हेवा एक वेळ गिळता येतो हो. पण स्वतःचीच पाटली जावेच्या हातात चमकताना बघायची, आणि ती आपणच काढून दिली हेही कळायचं, याला काय करावं माणसाने? दोन रात्री तिला झोप नव्हती. सखाराम म्हणाला, "यंदा ऐन तोडायचे नायत, बस्स." तिला ते ऐकूही आलं नाही.

गणपती थोरल्यांच्या घरी बसायचा. अंबाबाई रिवाजाप्रमाणे आली आणि मोदकांना आपल्या घरची तांदळाची पिठी घेऊन बसली. जेवताना एकेक पाहुणा म्हणायला लागला, "उकड काय मऊ झालीय! पिठी कुटली गं पारूबाय?"

पारूबाईच्या घरात, पारूबाईच्या गणपतीपुढे, पारूबाईच्याच मातीतला तांदूळ. आणि कौतुक कुणाचं? अंबाबाई मान खाली घालून वाढत होती. ती हसली असती तरी परवडलं असतं.

गणपती गेले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस धरला. असा धरला की समोरचं घर दिसेना. माणसं जेवून आडवी झाली होती. पारूबाईने निळ्या प्लास्टिकची खोळ डोक्यावर घेतली, फावडं उचललं आणि ती खालच्या खाचरावर गेली. उतरणीकडच्या नव्हे, दुसऱ्या टोकाला, ओढ्याच्या बाजूचा बांध. तो धाकलूने दर वर्षी उचलून छातीएवढा केलेला. "माजी नाय तर कुनाचीच नाय," ती म्हणाली, मोठ्याने म्हणाली, पावसात कोण ऐकणार? आणि तिने फावडं घातलं. माती मऊ होती. हातभर फट पडली आणि पाणी ओढ्यात उडी मारून गेलं, लालेलाल. पारूबाईने ते डोळे भरून बघितलं. किती वर्षांनी तिला असं बरं वाटलं. मग ती घरी येऊन गोधडी पांघरून झोपली आणि गाढ झोप लागली.

पाऊस रात्रभर थांबला नाही.

सकाळी सखारामने तिला हाताला धरून उतरणीवर नेलं. फुटलेल्या बांधातून पाण्याने खाचर मधोमध चिरलं होतं, शिवण उसवावी तसं, खालून वर, वर, थेट उतरणीच्या पायापर्यंत. आणि उतरण त्या पायावरच तर टेकलेली! खालची भर सरकली तशी वरचं रान निघालं आणि घळीतून ओढ्याला गेलं. ऐनाचे बोडके सोट आडवे पडले होते. नाचणी जिथे होती तिथे कातळ होता, पावसाने धुतलेला, काळा. एक रोप नव्हतं. घरातलं बी तिने सगळंच पेरलं होतं, यंदा उतरणीवर दाट लावून जावेला दाखवायचं म्हणून.

पारूबाई कातळावर बसली. "आये," ती म्हणाली आणि रडायला लागली. आई गेली तेव्हाही ती अशी रडली नव्हती. तेव्हा बी होतं.

खाली धाकलू फुटलेल्या बांधापाशी उभा होता. एक तृतीयांश भात आडवं झालं होतं, गाळात. "खेकड्यांनी पोखरला असंल," तो म्हणाला.

"खेकडाच," अंबाबाई म्हणाली. "मी बगितला." धाकलू दगड आणायला गेला, तेव्हा ती वर चढून आली आणि पारूबाईशेजारी उभी राहिली. "निळी खोळ घेतलेला व्हता."

पारूबाईचं रडणं जागच्या जागी थांबलं.

"दारातून दिसलात मला," अंबाबाई म्हणाली. "मला वाटलं, शेतात पानी जास्त झालं म्हनून सोडतायत. मनात आलं, आज जाऊबाईला आमची कीव आली. चांगलं वाटलं वो मला. म्हनून हाक नाय मारली."

पारूबाईने तोंडात पदर कोंबला. अंबाबाईने तिला शिव्या दिल्या असत्या, झिंज्या धरल्या असत्या, तर पारूबाईने त्याला उत्तर दिलं असतं.

"उटा," अंबाबाई म्हणाली. "या हिकडं."

घळ खाचराच्या मधून गेली होती. उतरणीकडचा तो उंच कोपरा एका अंगाला होता, तो वाचला होता. नाचणी तशीच उभी होती, मुठी वळून.

"दर साल चार-दोन उगवायची," अंबाबाई म्हणाली. "निंदताना हात जायचा, पन उपटवत नव्हतं. तुमी म्हनालावता, तुज्या माहेरचं आण. मला कुटलं माहेर? मामानं वाडवलं, लगीन लावून दिलं आन परत कवा दारात आला नाय. तुमी ती भाकरी करायचा तवा वास यायचा आमच्याकडं. मी जळायची. वाटायचं, हिच्या आयेनं हिला पदरात बांदून दिलं, माज्या पदरात कोन बांदनार? मंग पावसानंच आनून घातलं माज्या शेतात. कशाला उपटू?"

आपला हेवा करणारं कुणी या जगात असेल, आणि ते कुडापलीकडेच राहत असेल, हे पारूबाईच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आणि खोटं कशाला सांगा, एवढ्या लाजेतही तिला आतून जरा बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याचीच लाज वाटली, आणि ती पुन्हा रडायला लागली.

कणसं भरली तेव्हा दोघींनी मिळून ती कापली. अंबाबाईने बांधावर पदर पसरून दोन वाटे केले. सवय कुठे जाते? पारूबाईचे डोळे आधी दुसऱ्या वाट्याकडे गेले. तिकडची कणसं टपोरी होती. अंबाबाईने तो वाटा उचलला आणि तिच्यापुढे धरला.

"नको," पारूबाई म्हणाली. "ती तूच ठेव. आन हितंच लाव. माजी माती हाय ना हितं."

"आन तुमी वर काय लावाल? वर तर कातळ हाय."

"दगड लावीन. आडवे लावीन, ओळीनं. मागं काय माती अडकंल ती अडकंल. ऐन फुटला तर त्याला हात लावनार नाय." पारूबाईने लहान वाटा आपल्या पदरात घेतला, गाठ मारली आणि ती कंबरेला खोचली. "दगड काय कमी हायत? तूच टाकलेस ना एवडे."

"मी कवा टाकले?" अंबाबाई म्हणाली.

"नाय टाकलेस," पारूबाई म्हणाली. "मी म्हनत व्हते तसं."

अंबाबाईने विळा बांधावर ठेवला, ती उतरणीवर चढली आणि पहिला दगड उचलून तिने विचारलं, "हा कुटं ठेवू?"